टाकी गावाची, केंद्र शहराचं: मैलागाळाची जबाबदारी वाटायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमचं गाव नगरपरिषदेच्या हद्दीला लागून आहे. घरं साधारण दीड हजार, लोकसंख्या सात हजार, आणि बहुतेक घरांत शौचालयाखाली सेप्टिक टाकी. टाकी भरली की लोक खासगी टँकर बोलावतात आणि तो टँकर रात्री ओढ्यात मोकळा होतो. शेजारच्या नगरपरिषदेचं मैलागाळ प्रक्रिया केंद्र, ज्याला कार्यालयात सगळे एफएसटीपी म्हणतात, निम्म्या क्षमतेनंही चालत नाही. मुख्याधिकारी तोंडी 'आणा की' म्हणतात, पण कागद द्यायला कचरतात. ग्रामपंचायतीतही दोन मतं आहेत. काहींना वाटतं, केंद्र शहराचं आहे तर जबाबदारीही शहराचीच. काहींना भीती वाटते की करारावर सही केली की पाठोपाठ हद्दवाढ येईल. तुम्ही सदस्य म्हणून विचारता आहात: कायद्यानं हे काम कुणाचं, आणि पैसे कोण देणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण तेवढ्यानं तुमचं काम होणार नाही. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आणि स्वच्छता हा पंचायतींचा विषय आहे. 74 व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हा नगरपालिकांचा. दोघांचीही हद्द ठरलेली. तुमच्या गावातल्या मैल्याची जबाबदारी तुमच्या ग्रामपंचायतीची आहे आणि शेजारी केंद्र उभं राहिलं म्हणून ती हलत नाही. उलट बाजूनं पाहा. केंद्र नगरपरिषदेचं आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती तिच्या नावावर आहे आणि बाहेर पडणारं पाणी निकषात बसलं नाही तर नोटीस तिलाच येणार. मुख्याधिकारी कागद द्यायला का कचरतात ते इथं कळतं. तुमच्या टँकरमध्ये काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं, पण त्याचे परिणाम त्यांच्या सहीवर येतात.

म्हणून अशा चर्चेत मी 'जबाबदारी कुणाची' हा प्रश्न बाजूला ठेवते आणि दुसरा विचारते. घरातल्या टाकीपासून केंद्रातल्या वाळवणीच्या वाफ्यापर्यंत हा मैला किती हातांतून जातो, आणि प्रत्येक हाताबदलाच्या जागी कागदावर कुणाचं नाव आहे? माझ्या अनुभवात करार मोडतात ते या जागांवर. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला असतो, केंद्रही चालू असतं, पण टँकर फाटकातून परत गेला तर पुढं कुठं जायचं हे कुणी लिहिलेलं नसतं. मग तो ओढ्यावरच जातो.

त्याआधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. तुमच्या प्रश्नात 'सांडपाणी' आणि 'मैला' एकत्र आलेत. वाटणीच्या दृष्टीनं ही दोन पूर्णपणे निराळी कामं आहेत. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. सात हजार वस्तीला रोज 3 लाख 85 हजार लिटर पाणी पोचलं, तर त्यातलं बरंचसं न्हाणी-मोरीतून गटारात उतरणार. ते टँकरनं वाहून नेणं अशक्य आहे. त्यासाठी शोषखड्डे, परसबाग, गावाच्या उतारावर स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारी तळी, असे उपाय गावातच करावे लागतात. टाक्यांमधला गाळ मात्र इतका थोडा असतो की तो चाकावर घालून दुसऱ्याच्या केंद्रात नेणं परवडतं. नगरपरिषदेशी करार करायचा तो या गाळापुरता. 'सांडपाणी व्यवस्थापनाचा करार' असं मोघम शीर्षक दिलंत तर उद्या गटाराचं पाणीही शहरानं घ्यावं अशी अपेक्षा गावात तयार होईल, आणि शहर त्यालाच घाबरेल.

गाळ थोडा म्हणजे किती, ते मांडून पाहू. दीड हजार घरांपैकी 1,200 घरांना सेप्टिक टाकी आहे असं समजा. दर पाच वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची ठरवलं तर वर्षाला 240 टाक्या. पावसाळ्यातले अडचणीचे दिवस वगळून 300 दिवस काम झालं, तर दिवसाला एकही पूर्ण टाकी होत नाही. एका टाकीतून सरासरी 4 हजार लिटर धरले तर रोजचे जेमतेम 3,200 लिटर. साताऱ्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला 65 हजार लिटर आहे. तुमच्या शेजारचं केंद्र त्याच्या निम्मं असलं तरी तुमच्या गावाचा भार त्याला जड नाही. मुख्याधिकाऱ्यांसमोर बसाल तेव्हा पहिला कागद हा ठेवा. 'आमचं गाव तुमच्यात घ्या' असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं टँकरची रांग उभी राहते. आकडा ठेवला की बोलणं वेगळ्या पातळीवर येतं.

हे गणित फक्त ठरावीक चक्रानं उपसा केला तरच खरं ठरतं, हेही सांगायला हवं. लोक टाकी तुंबल्यावरच टँकर बोलावणार असतील, तर पावसाळ्याच्या तोंडावर आणि गणपतीच्या आधी एकदम गर्दी होते आणि बाकी वर्षभर केंद्रात काही येत नाही. पहिली फेरीही जड जाते. गावाकडच्या टाक्या ऐसपैस बांधलेल्या असतात, पंधरा-वीस वर्षांत उघडलेल्या नसतात, तळाशी गाळ घट्ट बसलेला असतो. तो सैल करायला पाणी सोडावं लागतं आणि एका घराला दोन खेपा होतात. पहिल्या फेरीसाठी वेळ आणि पैसा दोन्ही जास्त धरा.

साताऱ्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तुम्हाला जे करायचंय ते तिथं झालेलं आहे. सातारा नगरपरिषदेच्या केंद्रात शिल्लक क्षमता होती. ती जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव या चार गावांसाठी वापरायचं ठरलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की चारही गावांना एकच साचा लावलेला नाही. जकातवाडीनं ठरावीक चक्रानं उपसा करायचा मार्ग निवडला. ग्रामपंचायत घरटी स्वच्छता कर घेते, खासगी ठेकेदाराकडून उपसा करवते, आणि गाळ केंद्रात विनाशुल्क घ्यायचा करार नगरपरिषदेबरोबर आहे. बाकीच्या तीन गावांत मागणीप्रमाणे उपसा. तिथं ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि टँकरवाला असा तिहेरी करार, आणि पैसे घरमालक टँकरवाल्याला देतो. शहरापासून लांबच्या गावांचा विचार निराळा करावा लागतो. खटाव तालुक्यात मायणी इथं 80 गावांसाठी स्वतंत्र समूह केंद्र हाती घेतलं गेलं ते त्यासाठीच. टँकरला जाऊन-येऊन अर्धा दिवस लागायला लागला की शहराच्या केंद्राचा उपयोग राहत नाही. डिझेलच सगळा हिशेब खाऊन टाकतं.

आता हाताबदलाच्या जागा. पहिली, घरातली टाकी ते टँकरचा पाइप. ही संपूर्ण ग्रामपंचायतीची. इथं सर्वांत मोठा प्रश्न झाकणाचा असतो. निम्म्या घरांत टाकीवर फरशी बसवलेली, कुठं ओटा, कुठं गोठा. झाकण उघडताना फरशी फुटली तर कुणी भरून द्यायची? ठेकेदार म्हणतो माझं काम नाही, घरमालक दार लावून घेतो. ग्रामसभेतच ठरवा की उपशाच्या आधी महिनाभर नोटीस देऊन घरमालकानं झाकण मोकळं करून ठेवायचं. दोन खड्ड्यांची शौचालयं असतील तर ती यादीतून काढा. त्यांना टँकर लागतच नाही. एक खड्डा भरला की दुसरा वापरात घ्यायचा आणि पहिला बंद ठेवून त्याचं खत होऊ द्यायचं. त्या घरांकडून तेवढाच कर घेतलात तर गावात जे योग्य बांधकाम झालंय त्याचीच शिक्षा त्यांना मिळेल.

दुसरी जागा म्हणजे रस्त्यावरचा टँकर. इथं मी कधीच सैल भाषा चालू देत नाही, कारण इथं माणसं मरतात. 2013 च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात गटार किंवा टाकीतल्या मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. करारात एक सरळ वाक्य हवं: कोणत्याही परिस्थितीत माणूस टाकीत उतरणार नाही, पाइप पोचत नसेल किंवा गाळ सुटत नसेल तर काम थांबवायचं आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. काम देणारी संस्था कोण हेही स्पष्ट लिहा. दोन संस्था एकत्र आल्या की अपघातानंतर दोघीही 'ठेका त्यांचा होता' म्हणतात. मरणाऱ्याच्या घरच्यांनी कुणाचं दार ठोठवायचं, हे अपघाताच्या आधीच कागदावर असलं पाहिजे. तुमच्या गावात चक्रानं उपसा ठरला तर काम देणारी ग्रामपंचायत, आणि ती जबाबदारी तिनं मान वर करून घ्यावी.

तिसरी जागा, केंद्राचं फाटक. मुख्याधिकाऱ्यांच्या मनातली भीती इथं दूर करता येते. प्रत्येक खेपेला तीन प्रतींची पावती करा: घरमालकाची सही, चालकाची सही, केंद्रावरच्या माणसाची सही. केंद्राला टँकर नाकारायचा हक्क लेखी द्या. रंग, वास, तेलाचा तवंग दिसला किंवा साध्या पट्टीच्या चाचणीत आम्ल-अल्कता भलतीच आली तर टँकर आत घ्यायचा नाही. तुमच्या परिसरात कारखाने, गॅरेज किंवा धुलाईचे धंदे असतील तर ही अट तुम्हीच पुढं करा. कारखान्याचं एक टँकर पाणी जैविक प्रक्रियेत गेलं तर केंद्र कित्येक दिवस आजारी पडतं, आणि मग सर्व गावांना फाटक बंद होतं. नाकारलेल्या टँकरचं पुढं काय, तेही लिहा: त्यात काय आहे हे शोधून ज्याचं आहे त्याच्याकडे परत, आणि ग्रामपंचायतीला व नगरपरिषदेला त्याच दिवशी कळवणं. फाटकाच्या आत गेल्यापासून पुढचं सारं नगरपरिषदेचं.

या फाटकाशी एक विषय जोडलेला आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शहरालगतच्या गावांत महामार्गावरचे ढाबे, मंगल कार्यालयं, वसतिगृहं आणि नवी गृहसंकुलं असतात. शहराच्या हद्दीबाहेर जमीन स्वस्त मिळते म्हणून ती तिथं येतात. गावातल्या घरांपेक्षा यांच्या टाक्या लवकर भरतात आणि ओढ्याकडे जाणारे बरेचसे टँकर यांचेच असतात. त्यांच्यासाठी वेगळा दर आणि वेगळं वेळापत्रक ठेवा. घरगुती टाक्यांच्या चक्रात त्यांना मिसळलं तर गरीब घरांच्या करातून मंगल कार्यालयाचा उपसा होईल, आणि ते अन्यायाचं आहे.

पैशांकडे येते. माझं ठाम मत असं की फाटकावर टँकरचालकाकडून रोख शुल्क घेऊ नये. कागदावर ते न्याय्य दिसतं, पण प्रत्येक खेपेला केंद्रात पैसे भरायचे आणि ओढ्यात फुकट, असा हिशेब चालकापुढं ठेवला तर तो काय निवडेल हे सांगायला नको. पैसा उलट दिशेनं वाहू द्या. घरमालक वर्षाला थोडा कर ग्रामपंचायतीला देईल, आणि ग्रामपंचायत ठेकेदाराला पैसे देईल ते केंद्राची सही असलेल्या पावतीवरच. पावती नाही तर बिल नाही. मग ओढ्यात टँकर सोडणं चालकालाच महाग पडतं. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी तीन वर्षांच्या चक्रानं उपसा सुरू केला तेव्हा ठेकेदाराला कामाप्रमाणे पैसे देण्याचंच धोरण ठेवलं होतं. गावांनी त्यातून शिकावं असं खूप आहे.

कर किती? समजा तुमच्याकडे एका खेपेचा दर 2,000 रुपये आहे. पाच वर्षांचं चक्र धरलं तर घराला वर्षाला 400 रुपये. एकरकमी दोन हजार काढताना ज्या घराची ओढाताण होते, त्याला वर्षाचे चारशे जमतात. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 124 मध्ये स्वच्छता कराची आणि मैलाकुंड साफ करण्याच्या फीची तरतूद आहे, त्यामुळे नवा कायदा लागत नाही. ठराव आणि नीट प्रक्रिया लागते. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. घरपट्टीत मिसळला की तो दिवाबत्तीत जातो, आणि तिसऱ्या वर्षी ठेकेदाराचं बिल थकतं.

केंद्राच्या खर्चात गावानं वाटा द्यावा का? इथं परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. केंद्रात भरपूर क्षमता शिल्लक असेल तर तुमच्या तीन-साडेतीन हजार लिटरांनी विजेच्या बिलात फारसा फरक पडत नाही. सुरुवातीला विनाशुल्क मागणं वाजवी आहे. पण अशी सहा-सात गावं जोडली गेली, किंवा पाच वर्षांनी केंद्र वाढवायची वेळ आली, तर फुकटचा करार टिकणार नाही आणि टिकूही नये. म्हणून आत्ताच लिहून ठेवा की दर दोन वर्षांनी फेरविचार होईल, आणि शुल्क लावायचं झालं तर प्रत्यक्ष आलेल्या लिटरांप्रमाणे. बांधकामाला पैसा मिळतो: स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळासाठी माणशी 230 रुपयांपर्यंत, आणि पाच हजारांवरच्या गावांत सांडपाण्यासाठी माणशी 660 रुपयांपर्यंत तरतूद केली गेली, त्यात 30 टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून. रोजच्या चालवण्याला असा हात कुणी देत नाही. तो पैसा गावातूनच उभा राहिला पाहिजे. टँकर घ्यायचा असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे दोन्ही संस्थांनी मिळून मागणी करा. घटनेच्या कलम 243 झेडडी मध्ये पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामायिक हिताचा विचार करणं हे या समितीचं कामच सांगितलंय.

हद्दवाढीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. हद्दवाढ झाली की घरपट्टी वाढते, गावठाणाचे व्यवहार बदलतात, सरपंचपद जातं, आणि लोकांनी कोल्हापूरच्या भोवतालच्या गावांचा वर्षानुवर्षांचा विरोध पाहिलेला आहे. पण हद्द ठरते राज्य सरकारच्या अधिसूचनेनं. सेवा घ्यायच्या करारानं ती सरकत नाही. गावाच्या समाधानासाठी करारात एक कलम घाला की हा करार फक्त मैलागाळ स्वीकारण्यापुरता आहे आणि त्यातून हद्द, कर किंवा मालकी यांविषयी कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. आणखी एक कलम, जे मला जास्त मोलाचं वाटतं: पुढं कधी हद्दवाढ झालीच, तर स्वच्छता कराच्या खात्यातली शिल्लक त्याच वस्तीच्या उपशासाठी वापरायची. हे कलम वाचून दाखवलं की ग्रामसभेतला सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

नगरपरिषदेला यात काय मिळतं, हेही त्यांना सांगा. ओढा हद्द पाहून वाहत नाही. तुमच्या ओढ्यातला मैला खाली नदीत जातो आणि नदीवर कुणाची तरी जॅकवेल, म्हणजे पिण्यासाठी पाणी उचलायची विहीर, असते. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची मोठी साथ आली. वरच्या अंगाची वस्ती काय सोडते यावर खालच्या गावाचं पिण्याचं पाणी अवलंबून असतं, हे पंचगंगेच्या काठानं फार मोठी किंमत देऊन पाहिलंय. तुमच्या नगरपरिषदेची जॅकवेल ओढ्याच्या संगमाखाली असेल तर नकाशावर दोन्ही खुणा करून घेऊन जा.

कराराला नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, तुमच्याकडे ग्रामसभेचा आणि मासिक सभेचा. फक्त मुख्याधिकारी आणि सरपंचांच्या सहीवर विसंबू नका, मुख्याधिकारी बदलतात. गटविकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाला सुरुवातीपासून बैठकीला बोलवा. तक्रार आली की दोन समान पातळीवरच्या संस्थांमध्ये कुणीतरी वरचा लागतो. मुदत किमान एका पूर्ण चक्राची ठेवा, म्हणजे पाच वर्षं. केंद्र दुरुस्तीला बंद असेल तेव्हा किती दिवस आधी कळवायचं, आणि तेवढ्या काळात उपसा थांबवायचा की पर्यायी जागा वापरायची, तेही त्यातच.

तुमचं गाव शहराशी इतकं जोडलं गेलं असेल की वस्ती कुठं संपते तेच कळत नाही, आणि उतारही शहराच्या मलनिस्सारण केंद्राकडे असेल, तर टँकरऐवजी नळवाहिनीचा विचार करावा लागेल. त्याचं गणित वेगळं, त्यात पंपाच्या वीजबिलाचा वाद वेगळा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमच्याकडे अजून तशी वेळ आलेली दिसत नाही.

आत्ता एवढंच करा: आशाताई आणि बचत गटाच्या बायकांना घेऊन घरोघर यादी करा. टाकी की दोन खड्डे, टाकी अंदाजे केवढी, झाकण उघडतं का, शेवटचा उपसा कधी झाला, टँकर दारापर्यंत पोचतो की गल्लीच्या तोंडाशी थांबतो. ढाबे आणि कार्यालयं वेगळ्या कागदावर. केंद्राचं अंतर आणि त्यांची रोजची शिल्लक क्षमता नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागाकडून लेखी मागवा. हे आकडे हातात आले की इथं टाका; तुमच्या गावाला जकातवाडीचा मार्ग सोयीचा की बाकी तीन गावांचा, आणि कर किती लावावा, हे त्यावरून सांगता येईल.